विश्लेषण : स्फोटाची लहर नळीत पकडतात कशी?

बैरुतच्या बंदरात ४ ऑगस्ट २०२० रोजी एका गोदामाला आग लागली. आकाशात चढणारा धूर लोक बाल्कनीतून, खिडकीतून पाहत होते. अनेकांनी मोबाइलवर चित्रण सुरू केले होते. पहिला स्फोट झाला. त्यानंतर सुमारे अर्ध्या मिनिटाने दुसरा, महाप्रचंड स्फोट झाला आणि पांढऱ्या ढगाचा घुमट पसरत गेला. दोनशेहून अधिक लोकांचा जीव गेला, हजारो जखमी झाले. त्यांतील कित्येक जण आगीपासून बरेच दूर, स्वतःच्या घरात होते. त्यांच्यापर्यंत आग पोहोचली नाही, हवा पोहोचली. हवेतून येणाऱ्या या आघाताचा अभ्यास प्रयोगशाळेत ज्या साधनाने होतो, ते म्हणजे शॉक ट्यूब. सव्वाशे वर्षे जुन्या या नळीने काय शिकवले, ती कुठे फसवते आणि स्फोटके बनवणाऱ्या, साठवणाऱ्या महाराष्ट्राने त्यातून काय घ्यावे, याचा हा आढावा.

स्फोटलहर म्हणजे नेमके काय?

टाळी वाजवली की हवेत दाबाची लहान लहर तयार होते आणि ती ध्वनीच्या वेगाने, म्हणजे सेकंदाला सुमारे ३४० मीटर, पुढे जाते. स्फोटात ऊर्जा इतक्या कमी वेळात बाहेर पडते की आजूबाजूची हवा जोराने दाबली जाते. दाबलेली हवा तापते. तापलेल्या हवेत ध्वनीचा वेग जास्त असतो. त्यामुळे मागून येणारा दाबाचा भाग पुढच्या भागाला गाठतो, त्यावर चढतो आणि लहरीचा चढ उभा होत जातो. शेवटी दाब हळूहळू वाढण्याऐवजी एकदम उडी मारतो. ही उडी म्हणजेच आघात लहर किंवा शॉक वेव्ह. तिच्या कडेची जाडी माणसाच्या केसाच्या जाडीपेक्षाही कितीतरी कमी असते. ती ध्वनीपेक्षा वेगाने धावते, त्यामुळे जवळ असलेल्या माणसाला आवाज ऐकून सावध होण्याची संधी मिळत नाही. दूर जाता जाता ती क्षीण होते आणि अखेर साध्या ध्वनिलहरीत विरून जाते.

दाबाच्या या उडीमागोमाग जोराचा वाराही येतो. शिखरदाब वातावरणाच्या दाबापेक्षा ३५ किलोपास्कलने जास्त असेल, तर या वाऱ्याचा वेग ताशी अडीचशे किलोमीटरच्या पुढे जातो. म्हणजे दाब आधी वस्तूला चिरडतो आणि लगेच वारा तिला ढकलतो. इमारत, वाहन किंवा माणूस यांच्यावर होणारा परिणाम या दोहोंचा मिळून असतो.

केवळ दाबाचा आकडा पुरेसा का नाही?

स्फोटलहरीचा आलेख काढला तर एक ठरावीक आकृती दिसते. आधी सरळ उभी उडी, मग उतार, आणि त्यानंतर दाब वातावरणाच्या नेहमीच्या दाबाच्याही खाली जातो. ब्रिटनमधील गणितज्ञ एफ. जी. फ्रिडलँडर यांच्या नावाने ही आकृती ओळखली जाते. पहिल्या भागाला धन टप्पा, तर दुसऱ्याला ऋण टप्पा म्हणता येईल. बैरुतच्या चित्रफितींत दिसलेला पांढरा घुमट हा मुख्यतः ऋण टप्प्याचा खेळ होता. दाब एकदम उतरल्याने दमट समुद्री हवा थंड झाली आणि तिच्यातील बाष्पाचे ढगात रूपांतर झाले. स्फोटानंतर काही ठिकाणी खिडक्यांच्या काचा आत न पडता रस्त्यावर पडलेल्या दिसतात, त्यामागेही हा ऋण टप्पा असू शकतो.

दाब किती चढला याइतकेच तो किती वेळ टिकला हेही महत्त्वाचे आहे. रस्त्याकडेच्या बॉम्बची लहर जवळच्या माणसावरून काही मिलिसेकंदांत निघून जाते. शेकडो टनांच्या स्फोटाची लहर किलोमीटरभर अंतरावर सेकंदाच्या काही दशांशांइतकी टिकू शकते. दोन्हींचा शिखरदाब सारखा असला, तरी दुसरी लहर भिंतीला जास्त वेळ ढकलत राहते. दारावर एक चापट मारणे आणि खांदा लावून रेटणे यात जो फरक, तोच येथे आहे. म्हणून स्फोट समजून घ्यायचा तर लहरीचा पूर्ण आकार हवा, आणि तोच आकार पुन्हा पुन्हा, हवा तेव्हा तयार करता यायला हवा. उघड्या मैदानात खरी स्फोटके उडवून हे जमत नाही असे नाही. पण प्रत्येक चाचणी खर्चिक आणि धोक्याची असते. वारा, जमीन, स्फोटकाचा आकार यांनुसार निकाल बदलतो. येथे नळी कामाला येते.

शॉक ट्यूब चालते कशी?

रचना अगदी साधी आहे. एक लांब, मजबूत धातूची नळी आणि तिचे दोन कप्पे. एका कप्प्यात हवा, नायट्रोजन किंवा हीलियमसारखा वायू मोठ्या दाबाने भरतात. दुसऱ्या, लांब कप्प्यात साधी हवा असते. मध्ये प्लास्टिकचा किंवा धातूचा पातळ पडदा. दाब ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की पडदा फाटतो. अडवलेला वायू एकदम पुढे झेपावतो, समोरची हवा दाबली जाते आणि थोड्या अंतरात नळीत नीटस आघात लहर तयार होते. त्याच वेळी विरळ हवेची एक लहर उलट दिशेने मागे जाते, बंद टोकावर आपटते आणि परत फिरून पुढच्या लहरीचा पाठलाग करू लागते. ती मागून पोहोचली की पुढच्या लहरीचा सपाट माथा कापला जातो आणि फ्रिडलँडर आकृतीसारखा उतार मिळतो.

दाबाच्या कप्प्याची लांबी, वायूचा प्रकार, पडद्याची जाडी आणि वस्तू ठेवण्याची जागा या चार गोष्टी बदलून संशोधक हवी तशी लहर घडवतात. हीलियमसारख्या हलक्या वायूत ध्वनीचा वेग जास्त असल्याने त्यातून अधिक तीव्र लहर मिळते. नळीच्या भिंतीत बसवलेले दाबमापक सेकंदाच्या लाखाव्या भागातील बदल टिपतात. काचेच्या झरोक्यातून श्लीरेन पद्धतीने छायाचित्रे घेतात. या पद्धतीत हवेच्या घनतेतील फरकामुळे प्रकाश किंचित वळतो आणि अदृश्य लहर सावलीसारखी उमटते.

एक खुलासा येथे आवश्यक आहे. खाणीत सुरुंग उडवताना वापरल्या जाणाऱ्या बारीक प्लास्टिक नळीलाही शॉक ट्यूबच म्हणतात. तिच्या आतल्या भिंतीला स्फोटक पुडीचा पातळ थर असतो आणि तो विजेशिवाय डेटोनेटरपर्यंत ठिणगी पोहोचवतो. नाव एकच असले तरी ती वस्तू वेगळी. येथे विषय प्रयोगशाळेतील नळीचा आहे.

या नळीचा जन्म कुठे झाला?

फ्रान्समध्ये. धूरविरहित दारूचा शोध लावणारे रसायनतज्ज्ञ पॉल व्हिएल यांनी १८९९ मध्ये पडदा फोडून लहर निर्माण करण्याचा प्रयोग केला. काहीही न जळता, केवळ दाबलेल्या वायूच्या जोरावर ध्वनीपेक्षा वेगवान लहर नळीत धावते, हे त्यांनी दाखवले. त्याआधीच अर्न्स्ट माख आणि पीटर साल्शर यांनी १८८०च्या दशकात बंदुकीच्या गोळीपुढील आघात लहरीचे छायाचित्र टिपले होते. आघात लहरीच्या अलीकडे आणि पलीकडे दाब, घनता, तापमान यांचे नाते सांगणारी समीकरणे विल्यम रँकिन आणि पिएर आंरी युगोनिओ यांच्या नावावर आहेत. सिद्धान्त आणि साधन दोन्ही तयार असूनही पुढची काही दशके या नळीकडे फारसे कुणी वळले नाही.

दुसऱ्या महायुद्धाने चित्र बदलले. अमेरिकेतील प्रिन्स्टन विद्यापीठात वॉकर ब्लेकनी यांच्या गटाने शॉक ट्यूबमध्ये लहर तिरकी आपटली तर काय होते याचा बारकाईने अभ्यास केला. जमिनीवर विशिष्ट कोनात आपटलेली लहर आणि तिची परावर्तित लहर एकत्र येऊन अधिक जोरदार, जमिनीला जवळपास काटकोनात उभी असलेली लहर बनते. तिला माख लहर म्हणतात. जॉन फॉन नॉयमन यांनी त्याचे गणित मांडले. बॉम्ब जमिनीवर न फोडता हवेत फोडला तर विध्वंस अधिक दूर पसरतो, हा त्यातून निघालेला निष्कर्ष होता. हिरोशिमावरचा बॉम्ब जमिनीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर फुटला तो योगायोगाने नव्हे. याच विज्ञानाने पुढे इमारती, वाहने, काचा सुरक्षित करण्याचा मार्ग दाखवला हे खरे. पण त्याची पहिली मोठी मागणी विध्वंसासाठी होती, हे विसरता येत नाही.

छायाचित्रावरून स्फोटाची ताकद कळते?

कळते, आणि ते फार पूर्वी सिद्ध झाले आहे. १६ जुलै १९४५ रोजी न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात पहिली अणुचाचणी झाली तेव्हा सुमारे १६ किलोमीटरवर उभ्या असलेल्या एन्रिको फर्मी यांनी लहर पोहोचताना हातातील कागदाचे कपटे सोडले. ते अडीच मीटर सरकलेले पाहून त्यांनी स्फोटाची शक्ती १० हजार टन टीएनटीच्या बरोबरीची असावी असा अंदाज बांधला. ब्रिटिश शास्त्रज्ञ जी. आय. टेलर यांनी याहून नेमके काम केले. अतितीव्र स्फोटात लहरीची त्रिज्या वेळेनुसार कशी वाढते याचे सूत्र त्यांनी युद्धकाळातच मांडले होते. त्या चाचणीची छायाचित्रे नंतर जाहीर झाली, त्यांवर वेळ आणि अंतराची मोजपट्टी होती. २५ मिलिसेकंदांत आगीच्या गोळ्याची त्रिज्या सुमारे १३० मीटर झाल्याचे त्यांत दिसत होते. एवढ्यावरून टेलर यांनी सुमारे १७ हजार टन हा आकडा काढला आणि १९५० मध्ये प्रसिद्ध केला. नंतरच्या अभ्यासांनी तो २१ ते २५ हजार टनांच्या दरम्यान ठेवला. गुप्त माहितीतला आकडा चार छायाचित्रांवरून इतका जवळ यावा, ही स्फोटलहरीच्या नियमितपणाची साक्ष आहे.

बैरुतमध्ये हेच काम सामान्य माणसांच्या मोबाइलने केले. शेफिल्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी समाजमाध्यमांवरील चित्रफितींतून, कोणत्या ओळखीच्या इमारतीपाशी लहर नेमकी केव्हा पोहोचली, याच्या नोंदी काढल्या. त्यावरून स्फोट बहुधा ५०० टन आणि जास्तीत जास्त ११०० टनांच्या आसपास टीएनटीइतका होता, असा अंदाज त्यांनी दिला. गोदामात २७५० टन अमोनियम नायट्रेट असल्याचे सांगितले जात होते.

साठा निम्मा केला तर धोका निम्मा होतो?

होत नाही, आणि हा मुद्दा सर्वसामान्यांपर्यंत फारसा पोहोचलेला नाही. ब्रिटनचे बर्ट्रम हॉपकिन्सन आणि जर्मनीचे कार्ल क्रांत्झ यांच्या नावाने ओळखला जाणारा घनमूळ नियम सांगतो की, समान शिखरदाब मिळण्याचे अंतर स्फोटकाच्या वजनाच्या घनमुळाप्रमाणे बदलते. आठ किलो स्फोटकाने जो शिखरदाब २० मीटरवर येईल, तोच एक किलोने १० मीटरवर येतो. वजन आठपट, अंतर मात्र दुप्पट. याच नियमामुळे प्रयोगशाळेतील छोट्या चाचणीवरून मोठ्या स्फोटाचा अंदाज करता येतो.

याची दुसरी बाजू महत्त्वाची आहे. साठा निम्म्यावर आणला तर धोक्याच्या वर्तुळाची त्रिज्या निम्मी होत नाही. ती फक्त सुमारे २० टक्क्यांनी घटते. म्हणजे ‘आम्ही साठा कमी केला आहे’ हे उत्तर कुंपणाला लागून उभ्या राहिलेल्या वस्तीसाठी पुरेसे नाही. साठा लहान लहान भागांत, एकापासून दुसरा पेटणार नाही अशा अंतरावर ठेवणे आणि आसपासची जागा मोकळी राखणे हाच खरा उपाय. जगभरातील दारूगोळा भांडारांचे नियम याच गणितावर उभे आहेत. भारतात स्फोटके नियम २००८ मध्ये सुरक्षित अंतरांचे तक्ते आहेत आणि अमोनियम नायट्रेटसाठी २०१२ चे स्वतंत्र नियम आहेत. त्यांची अंमलबजावणी पाहणाऱ्या पेट्रोलियम आणि स्फोटके सुरक्षा संघटनेचे, म्हणजे ‘पेसो’चे मुख्यालय नागपुरातच आहे.

शरीरावर परिणाम काय होतो?

आघात लहर शरीराच्या ज्या भागात हवा असते तिथे अधिक घात करते. कान सर्वांत नाजूक. ३५ किलोपास्कलच्या आसपास काहींचे कानाचे पडदे फाटू लागतात. फुप्फुसांच्या इजेसाठी सर्वसाधारणपणे १०० किलोपास्कल किंवा त्याहून अधिक दाब लागतो, आणि लहर किती वेळ टिकली यावर ती मर्यादा बदलते. अमेरिकेतील लव्हलेस फाउंडेशनमध्ये बोवेन आणि सहकाऱ्यांनी १९६८ मध्ये तयार केलेले दाब आणि कालावधीचे आलेख अजूनही वापरात आहेत. त्यामागे १३ प्रजातींच्या दोन हजारांहून अधिक प्राण्यांवरच्या चाचण्या होत्या. आज माणसाच्या सुरक्षिततेचे जे आकडे सहज उद्धृत होतात, त्यांची ही किंमत आहे.

मेंदूचा प्रश्न याहून गुंतागुंतीचा. पहिल्या महायुद्धात तोफगोळ्यांच्या माऱ्यानंतर कापणाऱ्या, बोलू न शकणाऱ्या सैनिकांसाठी ‘शेल शॉक’ हा शब्द रूढ झाला. १९१५ मध्ये चार्ल्स मायर्स यांनी तो वैद्यकीय नियतकालिकात वापरला. ही इजा शरीराची की मनाची, यावर वाद झाला आणि अनेकांच्या वाट्याला भित्रेपणाचा शिक्का आला. इराक आणि अफगाणिस्तानातील युद्धांनी हा प्रश्न पुन्हा पुढे आणला. बाहेरून जखम नसलेले सैनिक डोकेदुखी, विस्मरण, झोपेचे विकार घेऊन परतत होते. २०१६ मध्ये डॅनियल पर्ल यांच्या गटाने स्फोटांना सामोरे गेलेल्या मृत सैनिकांच्या मेंदूत विशिष्ट प्रकारचे व्रण आढळल्याचे प्रसिद्ध केले. शतकभर ज्यांना ‘मनाचे दुखणे’ म्हणून बाजूला सारले गेले, त्यांतील काहींच्या दुखण्याला शारीरिक आधार असू शकतो, हे यातून दिसले.

शॉक ट्यूबचा येथे थेट उपयोग झाला. अमेरिकेत नमस चंद्रा, शैलेश गणपुले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नळीत कृत्रिम डोके ठेवून, त्यावर हेल्मेट चढवून चाचण्या केल्या. हेल्मेट आणि डोके यांच्यात मोकळी फट असेल तर लहर त्या फटीत शिरते आणि विरुद्ध बाजूला दाब वाढू शकतो, असे दिसून आले. गोळीपासून वाचवणारे हेल्मेट स्फोटलहरीपासून तसेच वाचवेल असे गृहीत धरता येत नाही. आतील गादी कशी आणि किती भरायची, हा प्रश्न त्यामुळे सैनिकांच्या जिवाचा ठरतो.

ही नळी कुठे फसवते?

खऱ्या स्फोटाची लहर सर्व दिशांना पसरत क्षीण होते. नळीत ती एकाच दिशेने जाते, भिंती तिला पसरू देत नाहीत. ठेवलेली वस्तू नळीच्या तोंडाच्या मानाने मोठी असेल तर लहर अडून दाब अवाजवी वाढतो. पण सर्वांत मोठी चूक जागेची होऊ शकते. नळीच्या उघड्या टोकाबाहेर नमुना ठेवला तर लहरीमागून वायूचा जोरदार झोत येऊन आदळतो. खुल्या मैदानातील स्फोटात असा झोत नसतो. मेंदूच्या इजेवरील काही अभ्यासांत उंदीर किंवा कृत्रिम डोकी अशा तोंडाशी ठेवलेली होती. तिथे दिसलेली इजा लहरीची की झोताने डोके हिंदकळल्याची, हा प्रश्न रास्तच आहे. नमुना नळीच्या आत, योग्य अंतरावर ठेवायला हवा आणि प्रत्येक अहवालात पूर्ण दाब-आलेख द्यायला हवा, हा आग्रह त्यातूनच पुढे आला. एका आकड्यावरून हेल्मेट ‘स्फोटरोधक’ ठरवणारी जाहिरात म्हणून संशयाने वाचावी.

भारतात हे काम कुठे होते?

बेंगळूरुच्या भारतीय विज्ञान संस्थेत आघात लहरींवर अनेक दशकांचे काम आहे. अवकाशयान वातावरणात परतताना त्यावर काय परिणाम होतो, हे पाहण्यासाठी याच तत्त्वावरचे शॉक टनेल तेथे वापरले जातात. के. पी. जे. रेड्डी यांनी तेथे हाताने चालवता येणारी छोटी शॉक ट्यूब तयार केली. दट्ट्या हाताने दाबायचा, पडदा फाटतो आणि ध्वनीपेक्षा वेगवान लहर मिळते. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतही मावेल असे हे साधन आहे. आयआयटी मुंबईच्या अवकाश अभियांत्रिकी विभागातही शॉक टनेल आहे. संरक्षण संशोधन आणि विकास संघटनेची चंडीगडमधील टर्मिनल बॅलिस्टिक्स प्रयोगशाळा स्फोटलहरींच्या चाचण्या करते, तर पुण्यातील उच्च ऊर्जा पदार्थ प्रयोगशाळा स्फोटकांवरच काम करते. म्हणजे ज्ञान आणि साधने देशात आहेत, काही तर दाराशीच आहेत.

काच हा खरा शत्रू का?

कारण ती सर्वांत आधी हार मानते. कान फुटण्यासाठी ३५ किलोपास्कल लागत असतील, तर साध्या खिडकीच्या काचा सात किलोपास्कलच्या आतच फुटू लागतात. एक चौरस मीटर काचेवर पाच किलोपास्कल म्हणजे सुमारे ५०० किलो वजनाचा भार, तोही क्षणात. त्यामुळे ज्या वर्तुळात माणूस लहरीने मरत नाही, त्याच्या कितीतरी बाहेरपर्यंत काचेचे तुकडे माणसे जखमी करतात.

कॅनडातील हॅलिफॅक्स बंदरात ६ डिसेंबर १९१७ रोजी दारूगोळ्याने भरलेले जहाज काही वेळ जळत होते. लोक खिडकीत उभे राहून ते पाहत होते. स्फोटानंतर हजारो जणांच्या डोळ्यांना इजा झाली. रशियातील चेल्याबिन्स्कवर १५ फेब्रुवारी २०१३ रोजी उल्का फुटली. डोळे दिपवणारा प्रकाश पाहून लोक खिडकीशी धावले आणि दोन मिनिटांहून अधिक काळाने लहर पोहोचली. सुमारे १५०० लोकांना उपचार घ्यावे लागले, बहुतेकांना काच लागली होती. त्यानंतर सात वर्षांनी बैरुत. तिन्ही ठिकाणी प्रकाश किंवा धूर आधी दिसला, लहर नंतर आली आणि मधला वेळ लोकांनी खिडकीत घालवला.

महाराष्ट्राला हे नवे नाही. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ या जहाजावर कापसाच्या गाठी आणि सुमारे १४०० टन स्फोटके एकत्र होती. कापूस पेटला, अग्निशमन दलाचे जवान तो विझवत असतानाच दुपारी चारनंतर पहिला स्फोट झाला, अर्ध्या तासाच्या आत दुसरा. शेकडो लोक मृत्युमुखी पडले, त्यांत साठहून अधिक अग्निशमन जवान होते. त्यांच्या स्मरणार्थ १४ एप्रिल हा दिवस देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो. अलीकडे डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत मे २०१६ आणि मे २०२४ मध्ये झालेल्या स्फोटांनी कारखान्याबाहेरच्या इमारतींच्याही काचा फोडल्या. भंडारा येथील आयुध निर्माणीत २४ जानेवारी २०२५ रोजी झालेल्या स्फोटात आठ कामगारांचा बळी गेला. नागपूर परिसरातील स्फोटक कारखाने, पुलगावचे दारूगोळा भांडार, खडकी, वरणगाव, चंद्रपूरच्या निर्माणी यांमुळे हा प्रश्न राज्याच्या नकाशावर कायमचा आहे.

मग करायला काय हवे?

पहिली गोष्ट अंतराची. कारखाना आधी आला आणि वस्ती नंतर, हा युक्तिवाद खरा असला तरी लहरीला तो कळत नाही. औद्योगिक वसाहतींच्या कडेने बांधकामांना परवानगी देताना साठ्याच्या घनमुळावर आधारित अंतर पाळले गेले का, हे नियोजन प्राधिकरणाने तपासायला हवे आणि ते नकाशे लोकांना पाहता यायला हवेत.

दुसरी गोष्ट काचेची. दोन थरांमध्ये चिवट प्लास्टिकचा पापुद्रा असलेली लॅमिनेटेड काच फुटली तरी तुकडे धरून ठेवते. मोटारीच्या पुढच्या काचेत हेच असते. अशा काचा शॉक ट्यूबमध्ये कशा तपासाव्यात याचे आंतरराष्ट्रीय मानक २००७ पासून उपलब्ध आहे. धोकादायक कारखान्यांजवळच्या शाळा, रुग्णालये आणि अंगणवाड्यांपासून सुरुवात करता येईल. जुन्या खिडक्यांना आतून पापुद्रा चिकटवणे हा तुलनेने स्वस्त उपाय आहे.

तिसरी गोष्ट सवयीची, आणि तिला पैसा लागत नाही. मोठी आग, प्रचंड प्रकाश किंवा पहिला स्फोट दिसला की खिडकीपासून दूर जावे, आतल्या भिंतीच्या आडोशाला किंवा टेबलाखाली बसावे, डोळे आणि मान झाकावी. लहर क्षीण झाल्यावर तिला एक किलोमीटर कापायला सुमारे तीन सेकंद लागतात. दोन किलोमीटरवरच्या माणसाच्या हातात पाच-सहा सेकंद असतात. चेल्याबिन्स्कमधील एका शिक्षिकेने प्रकाश दिसताच वर्गातील मुलांना बाकांखाली बसायला लावले, मुले बचावली. शाळांमध्ये भूकंप आणि आगीची रंगीत तालीम होते, त्यात हा धडा जोडायला पाच मिनिटे पुरतील.

शॉक ट्यूबने स्फोट थांबत नाही. लहर किती दूर, किती जोराने आणि किती वेळ येईल, हे मात्र ती आधीच सांगते. मुंबई गोदीतील अग्निशमन जवानांना ते सांगणारे कुणी नव्हते. आज ती माहिती तक्त्यांत, मानकांत आणि प्रयोगशाळांत पडून आहे. ती कारखान्याच्या कुंपणापलीकडच्या घरापर्यंत नेणे हे काम आता शास्त्रज्ञांचे कमी आणि प्रशासनाचे अधिक आहे.